मंदी न्हाय म्हणणारे मल्लूकाका

मल्लूकाका लग्नाला गेले की नवरानवरीच्या आधी कार्यालयाबाहेरच्या चपला बघतात. हात पाठीमागे बांधून त्या ढिगाभोवती एक सावकाश फेरी मारायची, एखादी चप्पल पायाच्या अंगठ्याने उलटी करून तिचा तळ तपासायचा, मग आत येऊन पहिल्या पंगतीला बसायचं आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगायचं, "लक्ष द्या. बाजारात पैसा हाय." शेजारचा माणूस बहुतेक वेळा बुंदीत गुंतलेला असतो. तो लक्ष देत नाही.

"लक्ष द्या" हे काकांच्या तोंडात बसलेलं आहे. त्यांची सगळी नोकरी बस स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेली. बार्शीची गाडी लागली, करमाळ्याची सुटली, हे माईकवरून सांगण्यात केस पांढरे झाले. निवृत्त झाल्यावर माईक तिथेच राहिला, आवाज तेवढा घरी आला. शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात सकाळी काका दूधवाल्याला म्हणतात, "लक्ष द्या. उद्या अर्धाच लिटर," आणि चार घरं पलीकडच्या बाईलाही कळतं की काकांकडे उद्या अर्धाच लिटर.

चपलांचं शास्त्र त्यांनी स्वतः बसवलेलं. नव्या चपला जास्त असल्या तर तेजी. टाच झिजलेली पण वरून पॉलिश असेल तर पगार वेळेवर होतोय, वाढत तेवढा नाही. धोतरवाल्या आजोबांनी स्पोर्ट शूज काढून ठेवले असतील तर, "पोरगं पुन्याला लागलं. त्येचं जुनं बापाच्या पायात." गंमत अशी की निकाल कायम तेजीचाच निघायचा. सगळा ढीग झिजक्या चपलांचा असला तरी काका म्हणायचे, "नव्या घरी ठिवल्यात. चोरीला जात्यात की लग्नात."

त्यांचा मुलगा सतीशही पुण्यालाच आहे, एका कारखान्यात. काकू नातवाला सांभाळायला म्हणून थोड्या दिवसांसाठी गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. तो नातू आता दप्तर घेऊन शाळेला जातो. दर रविवारी काका ओट्यावर उभे राहून सतीशला फोन करतात आणि आठवड्यातल्या लग्नांचा अहवाल देतात. "हितं लई काम निघालंय. लोकांला मानसं मिळंनात. बग, ईत आसलास तर." आम्हा बोळातल्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला गावाची फुशारकी मारायची हौस आहे. आम्ही दारामागून हसायचो.

मागच्या निवडणुकीत मी आमच्या प्रभागातून उभी राहिले आणि पडले. मल्लूकाकांमुळे पडले, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. मी मुळात उभी राहू शकले ती कोणामुळे, हे त्यांना माहीत नाही.

मी शाळांचे गणवेश शिवते. एका वर्षी माझ्या सगळ्या शाळा दुसऱ्या कोणीतरी स्वस्तात पळवल्या. शिलाई मशिनींवर चादरी घातल्या, बायकांना घरी पाठवलं आणि मी उंबऱ्यावर बसून रडायला लागले. काका समोरून आले. काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. म्हणाले, "रडायचं आसंल तर चालत रड. बसून रडलं की गुडघं धरत्यात." हातात नमुन्याच्या कपड्यांची पिशवी दिली आणि मला घेऊन निघाले. मी मागून डोळे पुसत, काका पुढे. शाळेच्या फाटकाशी आले की म्हणायचे, "जा आत. मी हाय हितं." उन्हात पायरीवर बसून राहायचे. मी नकार घेऊन बाहेर आले की पिशवी उचलून पुढच्या शाळेच्या रस्त्याला लागायचे. असं कितीतरी दिवस चाललं. मग एका शाळेने होकार दिला, पाठोपाठ दुसरीने. आज माझ्याकडे बायका शिवायला आहेत, त्यांची घरं चालतात, आणि अजून मशीनचा आवाज सुरू झाला की मला आधी काकांची ती पाठ आठवते. हे ऋण फिटणारं नाही. मला ते फेडायचंही नाही.

तर मी फॉर्म भरल्यावर काकांनी स्वतःच स्वतःची सल्लागार म्हणून नेमणूक केली. त्यांचे सल्ले खरोखर पक्के असायचे. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी घरातलं बाकी सगळं थांबतं. काकांना प्रत्येक बोळाची पाळी पाठ. "पान्याच्या दिवशी मत मागाय जायाचं न्हाय. बाई हांडा ठिवून हात जोडनार न्हाय, आनी जोडलंच तर मत देनार न्हाय." आम्ही त्या हिशोबाने फिरायचो आणि दारं उघडी मिळायची.

घोटाळा झाला तो एका कोपरासभेनंतर. मोबाइलवर बातम्या दाखवणारा एक मुलगा आला आणि त्याने काकांपुढे माईक धरला. किती वर्षांनी माईक. काकांचा चेहरा उजळला. मुलाने विचारलं, शहरात मंदी आहे, माग बंद पडतायत, तरुण गाव सोडतायत, तुमच्या उमेदवाराचं काय म्हणणं?

"लक्ष द्या," काका म्हणाले. "मंदी-बिंदी कायबी न्हाय. कालच लग्नात चपला बगून आलोय. लोकांला रडायची चटक लागलीया."

तो व्हिडिओ नेमका पाण्याच्या दिवशी सुटला. बॅरल भरेपर्यंत माणसाला दुसरं काम काय असतं? नळाशी बसून अख्ख्या प्रभागाने तो बघितला आणि नातेवाइकांना पाठवला. दुसऱ्या दिवशी समोरच्या पार्टीची पोरं पोतंभर फाटक्या चपला घेऊन आली आणि आमच्या प्रचार कार्यालयाच्या दारात ओतून घोषणा द्यायला लागली. काका बाहेर गेले, वाकले, दोन-चार उलटून बघितल्या आणि घोषणा देणाऱ्याला म्हणाले, "ही नवी हाय. आत्ताच फरशीवर घासलीया." त्याचाही व्हिडिओ झाला.

संध्याकाळी आमच्या नेत्यांचा फोन. "ताई, त्या म्हाताऱ्याचा आणि आपला काही संबंध नाही, असं शेवटच्या सभेत जाहीर सांगायचं."

"ते मला जमणार नाही," मी म्हटलं.

"मग सीट गेली म्हणून समजा."

"गेली तर गेली."

काका दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं असावं.

त्याच सुमारास नरसम्माचा व्हिडिओ आला. विणकरांच्या वस्तीतली बाई, टॉवेलचे माग चालवणारी. ती एवढंच म्हणाली, "माझे माग भंगारात गेले. मी रडू नको काय? त्या काकांनी घरी येऊन सांगावं." काकांनी तो व्हिडिओ माझ्या फोनवर बघितला. पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाले, "चल, तिच्याकडं जाऊन येऊ."

मला धास्ती पडली की हे आता तिलाही चालायला लावणार.

नरसम्मा दारात विड्या वळत बसली होती. मागाच्या खोलीत मोकळी फरशी होती, तिच्यावर मागाच्या पायांचे गंजके डाग. तिने सुपातली पानं बाजूला सारली आणि सांगायला सुरुवात केली. गिऱ्हाईक कसं तुटत गेलं, विजेचं बिल कसं चढत गेलं, भंगारवाला आला तेव्हा नवरा देवळात जाऊन कसा बसला, मुलगा भिवंडीला कसा गेला. काका उंबऱ्यापाशी टेकून ऐकत होते. ती थांबली की "आनी?" एवढंच विचारायचे. मी त्यांना इतका वेळ गप्प कधी बघितलं नव्हतं.

सगळं सांगून झाल्यावर तिने चहा दिला आणि सहज विचारलं, "तुमचं पोरगं काय करतंय?"

"पुन्याला हाय."

"कशाला गेलं? इथं मंदी नाही म्हणता ना तुम्ही?"

काकांनी कप खाली ठेवला.

परतताना मीच म्हटलं, "काका, मनाला लावून घेऊ नका."

"खरं हाय तिचं," ते म्हणाले. "पन मंदी हाय म्हनलं तर पोरगं म्हागारी कशाला यील, शैले? मी कबूल केलं की संपलंच की. म्हनून म्हनत हुतो, हितं समदं बरं हाय."

इतके रविवार आम्ही दारामागून हसलो होतो.

शेवटच्या सभेत काकांनी माझ्याआधी माईक मागितला. नेते स्टेजवर चुळबुळ करायला लागले. मी माईक दिला.

"मंदी हाय," काका म्हणाले. "मी खोटं बोललो. माझं पोरगं हितं काम न्हाय म्हनून गेलं. पोराच्या मागं बायकू गेली. तुमची पोरं बी तशीच गेल्यात. ह्या बाईचा त्यात काय दोष न्हाय. दोष माझ्या तोंडाचा."

कोणीतरी टाळी वाजवायला गेलं आणि थांबलं. माझ्या चार मतांसाठी त्या माणसाने इतकी वर्षं जपलेली आशा सगळ्यांसमोर मोडून टाकली होती. पुढे मी काय भाषण केलं ते मला आजही सांगता येणार नाही.

सभा मोबाइलवर थेट दाखवली जात होती. काका स्टेजवरून उतरले तोवर त्यांचा फोन वाजला. ते मंडपाच्या कडेला जाऊन बोलले, हळू आवाजात. त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. "व्हय, मीच बोललो," एवढं ऐकू आलं. मग बराच वेळ नुसतंच ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "न्हाय न्हाय, त्येला म्हनावं, तितंच नीट ऱ्हा. आमची काळजी करू नगंस."

मी त्यांना घरी जेवायला घेऊन गेले. भाकरी वाढली, शेंगाची चटणी वाढली. पहिला घास मोडून ते तसेच बसले.

"सतीशची आई फोनवर लई रडली, शैले," म्हणाले. "म्या रडू दिलं."