तपशील कोणी दाबत नाही

पडद्यावर पुन्हा तीच लाल ओळ उमटली, ‘पुरावा मूळ स्थितीत नाही’, आणि चिरंजीवांनी कपाळाला हात लावला.

डिजिटल गुन्ह्यांच्या तपासाचा अभ्यासक्रम त्यांनी मोठ्या हौसेने घेतला होता. सरांनी प्रत्येकाला एक पेनड्राइव्ह दिला होता, एका काल्पनिक कंपनीतल्या काल्पनिक चोराचा. चोराच्या सवयी ओळखायच्या आणि अहवाल द्यायचा, एवढंच काम. सॉफ्टवेअर आधी त्या पेनड्राइव्हचा आकडी ठसा काढी. आतलं एक टिंब जरी इकडचं तिकडे झालं, तरी ठसा बदले. सरांच्या खोलीत तो जुळे. घरच्या संगणकाला लावून एक दिवस गेला, की जुळेना. आणल्या दिवशीच कामाला हात लावण्याची चिरंजीवांची पद्धत नव्हती. सरांनी पेनड्राइव्ह नव्याने भरून दिला तेव्हा बजावलं होतं, “हा शेवटचा. शुक्रवारी अहवाल नाही आला, तर परीक्षेला बसायचं नाही.”

आज गुरुवार होता.

चिरंजीवांनी मित्राला फोन लावून स्पीकर चालू केला. या मित्राला वर्गात तज्ज्ञ म्हणत, कारण प्रश्न संपायच्या आत त्याचं उत्तर तयार असे.

“सॉफ्टवेअर काढून परत टाकलंस?”

“कितीदा तरी.”

“मग घरातल्या विजेचा घोळ आहे. फ्रीज बंद कर.”

फ्रीज बंद झाला. दोन तास वाट पाहिली, लाल ओळ तशीच.

“वायफाय बंद कर.”

वायफाय बंद होताच आतल्या खोलीतून बाबा ओरडले, “अरे, मीटिंगमध्ये माझे साहेब बोलता बोलता गोठले!”

“संगणकाची जागा बदल,” तज्ज्ञ म्हणाला.

संगणक स्वयंपाकघरातल्या टेबलावर आला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा सगळा प्रकार. तिथे आत्या चहा पीत बसली होती. उभी हयात वाचनालयात काढून ती निवृत्त झाली होती, आणि वाचनालय सुटलं तरी हात स्वस्थ बसत नव्हते. तिने फळ्यांवरचे डबे वर्णानुक्रमाने लावले होते. त्यात साखर छताजवळच्या फळीवर गेली, आणि आईला चहासाठी स्टुलावर चढावं लागे.

“फ्रीज कोणी बंद केला?” आई हातात पातेलं घेऊन उभी राहिली. “दूध नासलं सगळं!”

“आई, तपास चालू आहे.”

“मग दूध कोणी नासवलं तेही शोध.” एवढं बोलून तिने पडद्यावर नजर टाकली. “हे खाली काय लिहिलंय? ‘तपशील’. ते दाबलंस का?”

“आई, तपशील कोणी दाबत नाही.”

“काकू, ते उगाच असतं,” तज्ज्ञाने दुजोरा दिला.

आईने पातेलं खाली ठेवलं आणि दाबलं.

पडदा भरून गेला. कोणीतरी दुपारच्या वेळी पेनड्राइव्ह उघडून आत नवे कप्पे केले होते, ‘महत्त्वाचे’, ‘किरकोळ’, ‘नंतर पाहू’, आणि एकेक फाइल उचलून त्यांत वर्णानुक्रमाने लावली होती.

चिरंजीव हरखले. चोराची सवयच हाती लागली होती! शेजारी तारखाही होत्या, याच आठवड्यातल्या, पण त्या त्यांनी पाहिल्या नाहीत. तपशिलालाही तपशील असतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी बसल्या बैठकीला अहवाल लिहून काढला आणि घरादाराला गोळा करून वाचून दाखवला.

“गुन्हेगार अत्यंत नीटनेटका आहे. त्याला वर्णानुक्रमाचं वेड आहे. तो जेवणं आटोपल्यावर कामाला लागतो आणि चारच्या सुमारास चहासाठी उठतो. बहुधा वयस्कर असावा, कारण प्रत्येक बदल पुन्हा पुन्हा जतन केला आहे.”

आईने वर साखरेच्या डब्याकडे पाहिलं. मग आत्याकडे. बाबांनीही आत्याकडे पाहिलं. आत्याने कप हळूच बशीत ठेवला.

“बाळा, किती पसारा होता रे त्यात,” ती म्हणाली. “चोर झाला म्हणून काय झालं? म्हटलं, लावून ठेवावं, तुला शोधायला सोपं जाईल.”

“दोन्ही वेळा?”

“दुसऱ्यांदा उघडलं, तर पुन्हा सगळं विस्कटलेलं! मला वाटलं, तूच विस्कटलंस.”

“मी ठेवतो,” फोनमधून तज्ज्ञ म्हणाला, आणि त्याने ठेवला.

चिरंजीवांना खरोखर रडू आलं. पेनड्राइव्ह शेवटचा होता, आणि मूळ चोराचा त्यात मागमूस उरला नव्हता. आत्याचाही चेहरा उतरला. “मी भेटते तुझ्या सरांना,” ती म्हणाली.

“नको! तू कशालाच हात लावू नकोस!”

शुक्रवारी चिरंजीवांनी जड पावलांनी तोच अहवाल सरांपुढे ठेवला. शेवटी एक ओळ वाढवली होती, ‘गुन्हेगार: माझी आत्या’. सरांनी अहवाल वाचला, चष्मा काढून डोळे चोळले आणि पुन्हा वाचला.

“आरोपीचा जबाब कुठे आहे?”

“जबाब, सर?”

“जबाबाशिवाय अहवाल अपुरा. संध्याकाळपर्यंत आणा.”

आत्याने जबाब लिहिला, वर अनुक्रमणिकाही जोडली. संध्याकाळी सरांनी तो चिरंजीवांसमोरच वाचला आणि लाल शाईने शेरा मारला. घरी येऊन चिरंजीवांनी तो मोठ्याने वाचून दाखवला.

“‘पुरावा सांभाळला नाही. अहवालात तारखा नाहीत, पानं उलटसुलट. आरोपीचा जबाब मात्र उत्कृष्ट. काय हलवलं, कुठून, कुठे आणि का, सगळं क्रमाने. केवळ जबाबाच्या जोरावर परीक्षेला परवानगी.’”

बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. आत्या हसली नाही. तिची नजर अहवालाच्या कडेवर खिळली होती.

“पानं खरंच उलटसुलट आहेत रे,” ती म्हणाली आणि तिचा हात आपोआप पुढे झाला.

चिरंजीवांनी अहवाल छातीशी धरला. मग आत्याकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि तो टेबलावर ठेवला.

“लाव,” ते म्हणाले. “पण थांब, आधी फोटो काढू दे.”