शेख खमैस यांची निळी कवळी

जेवण झाल्यावर शेख खमैस यांनी कवळी काढून पाण्याच्या पेल्यात ठेवली आणि ते आंतूनच्या दिवाणावर आडवे झाले. आंतून त्यांच्या शेजारीच चित्र रंगवत बसला होता. खिडकीतला समुद्र काही केल्या त्याच्या मनासारखा निळा उतरत नव्हता. तो समुद्राकडे बघत कुंचला बुडवी, झटकी, पुन्हा बुडवी. दहाव्यांदा बुडवला तेव्हा पेल्यात काहीतरी खडखडलं.

आंतून रीडेलियस मूळचा स्वीडनचा. ट्युनिसजवळच्या या टेकडीवर तो महिनाभर चित्रं काढायला म्हणून आला, शेखचं गाणं ऐकलं आणि अकरा वर्षं तिथेच राहिला. जुनी गायकी जाणणारे शेख शेवटचेच. ते गात आणि आंतून उतरवून घेई. एका रचनेचा शेवटचा तुकडा तेवढा जमत नव्हता. गाऊन झालं की शेखच मान हलवत. "नाही रे. माझ्या गुरूंच्या तोंडून हे असं येत नव्हतं." आंतूनच्या वहीत त्या तुकड्याची नऊ रूपं होती आणि नऊही खोडलेली.

कवळी उंटाच्या हाडाची होती. तिने रंग मनसोक्त पिऊन घेतला होता. आंतून ती घेऊन स्वयंपाकघरात स्वयंपाकीण मन्नूबियाकडे धावला.

"निळं रंगवायचं तर गावातली दारं रंगवावीत," मन्नूबिया म्हणाली. "म्हाताऱ्याचे दात कशाला?"

"आधी उपाय सांग. संध्याकाळी त्यांच्या नातीची सोयरीक आहे."

तिने लिंबू-मीठ चोळलं. निळा रंग जायच्याऐवजी आणखीच खुलला. मग तिने सोडा घालून कवळी उकळली, तेव्हा आतली तार सुटली आणि कवळीचे दोन तुकडे झाले. नेमके तेव्हाच शेख दारात येऊन उभे राहिले.

त्यांनी तुकडे पाहिले. ते तिथेच खाली बसले. बोलताना तोंडातून अर्धी हवाच येत होती. "स्फाक्सहून मुलाकडची माणसं आलीत. मी या तोंडाने त्यांच्यापुढे बसू?"

"मी येतो. सगळं समजावून सांगतो."

"तू गप्प राहा. तुझं अरबी ऐकलं तर लग्नच मोडेल."

सोयरिकीत शेख उपरण्याचं टोक तोंडावर धरून बसले. कोणी काही विचारलं की मान हलवत. बदाम घातलेली मिठाई पुढे आली, ती त्यांनी हातानेच परत सारली. मुलाचे वडील तेलाचे व्यापारी, मानी गृहस्थ. दुसऱ्यांदा ताट परत गेलं तसा त्यांचा चेहरा उतरला.

"शेख, आमच्या मुलात काही खोट दिसली का?"

शेखनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. त्या गृहस्थांना वाटलं, सोयरीकच नाकारली. ते चपला शोधू लागले.

नात शेरीफा आजोबांच्या कानाशी वाकली. "आजोबा, काहीतरी गा. ही माणसं उठून चाललीत."

बोलून सांगण्यापेक्षा गाणं बरं, असं शेखना वाटलं असावं. शब्द कमी आणि आलापच जास्त म्हणून त्यांनी तो न जमणाराच तुकडा धरला. उपरणं बाजूला केलं, डोळे मिटले. जो सूर नेहमी टोचत बाहेर यायचा, तो आज मऊ होऊन घसरत खाली आला आणि दोन सुरांच्या मधल्या त्या अवघड जागी अलगद बसला. शेखनी डोळे उघडले. त्यांनी तीच ओळ पुन्हा गायली, मग पुन्हा. दाराशी उभ्या आंतूनकडे वही नव्हती. तो शर्टाच्या बाहीवर लिहीत सुटला. तेलाचे व्यापारी चपला काढून परत बसले आणि डोळे पुसू लागले. शेखच्या तोंडात दात नाहीत हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

परतताना शेख टेकडीचा रस्ता चढू लागले. मग चढावर थांबले.

"मी शिकायला गेलो तेव्हा गुरू ऐंशीचे होते," ते म्हणाले. "त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता. पन्नास वर्षं मी दात असलेल्या तोंडाने त्यांची नक्कल करतोय."

आंतूनला हसावं की रडावं कळेना. "माझ्यामुळे तुमची कवळी गेली. सोमवारी दंतवैद्याकडे जाऊ."

"सोमवारी नको. त्यांनी शिकवलेल्या अजून चौदा चिजा बिनदातांनी गाऊन बघायच्या आहेत." शेख पुन्हा चालू लागले. "मन्नूबियाला सांग, महिनाभर रस्सा पातळ ठेव, आणि मासा काटे काढून वाढ."