आभाळाचा कौल आणि आमच्या सरपंचबाई

गावातलं रोहित्र जळालं की बाकीचे लोक वायरमनला फोन लावतात. आमचे शेजारी भटूआप्पा सरपंचाकडे बघून मान हलवतात आणि म्हणतात, "कौल गया रे भो!"

कौल कोणाचा? तर आभाळाचा. आप्पा हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे. प्राचीन चीनच्या धड्यात जे शिरले, ते निवृत्त झाले तरी बाहेर आले नाहीत. तिथल्या राजाला म्हणे आभाळच गादीवर बसवायचं. राजा नीट वागला तर पाऊसपाणी वेळेवर. माजला की पूर, दुष्काळ, भूकंप. मग त्याला कुणी हाकललं तरी पाप नाही. एवढी मोठी सोय चिनी बादशहासाठी केलेली. आप्पांनी ती रनाळ्याच्या अलीकडच्या आमच्या ग्रामपंचायतीला लावली.

पाण्याची मोटार बंद पडली, पंचायतीच्या कपाटामागे कुत्री व्याली, निदान एकच. मागच्या सरपंचाने तर ढग दिसला की पारावर यायचं सोडलं होतं. बिचाऱ्याचं लफडं ठेकेदाराशी होतं, आभाळाशी नव्हतं! पण असल्या किरकोळ बाबतीत आप्पांना रस नाही.

मग पद महिलांसाठी राखीव झालं आणि आप्पांच्याच घरातून त्यांच्या बायको, सुमनकाकू, निवडून आल्या. अशा वेळी बाईने सही करायची आणि नवऱ्याने खुर्चीत बसायचं, ही आपली थोर परंपरा. आप्पांनी तीही मोडली. "राजाना काममा घरना लोकेसनी लुडबुड करी, का राज्य बुडनं समज," म्हणाले आणि घरी कपबश्या विसळू लागले. काकू बिचाऱ्या रोज सकाळी त्यांच्यापुढे उभ्या राहून भाषणाचा सराव करायच्या.

आणि गारपीट झाली. पथारीवर, म्हणजे गावाबाहेरच्या मिरची वाळवायच्या मैदानावर, पसरलेली मिरची पार चिखलात गेली. झालं! माजी सरपंचाच्या माणसांना आयतंच सापडलं. दुसऱ्या दिवशी पारापुढे उघड्यावर भरलेल्या ग्रामसभेत त्यांचा पुढारी उठला, "आप्पा, आते तुम्हीच सांगा, कौल कोना गया?" अविश्वास ठरावाची तयारी त्यांनी करूनच आणली होती. काकू खाली मान घालून बसल्या होत्या. मला वाटलं, आता हा माणूस एकतर चीन सोडणार, नाहीतर बायको.

आप्पा उठले. "गया. पन मन्हा! चीनमा संकट उनं का राजा भर सभामा सांगे, चूक मन्ही शे. इतला वरीस आभाळना ठेका मी लिसन बठेल व्हतू. राग मन्हावर शे, तिन्हावर नही." आणि त्या म्हाताऱ्याने चक्क चिखलात गुडघे टेकून सगळ्यांपुढे डोकं ठेवलं.

गाव खो खो हसलं. "गुरुजी येडा व्हयनात!" कुणी शिट्टी मारली. त्या हसण्यात ठराव कुठल्या कुठे गेला. मग एका शेतकऱ्याने पंचनाम्याचं विचारलं, तेव्हा काकूंनी मान वर केली आणि खणखणीत उत्तर दिलं.

परत येताना मी आप्पांना छेडलं, "खरंच तुमच्यामुळे गारा पडल्या?"

नापास पोराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. कपाळाचा चिखल पुसला.

"गारा कसा पडतस, माले कळत नही का?" आवाज एकदम खाली आला. "ती कालदिनपासून जेवनी नही, भो."

आणि आप्पा भराभरा चालत सुटले. काकू यायच्या आत त्यांना खिचडी टाकायची होती.