रामटेके टेलरांनी जमवलेलं स्थळ

धानोऱ्याचे रामटेके टेलर माणसाकडे एकदा बघून दोन गोष्टी सांगत: त्याच्या शर्टाचं माप आणि त्याला कोणता साप मानवेल. शर्टाचं माप कधीकधी चुकायचं.

ऐंशीनंतरच्या एका पावसाळ्यात मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो. वरोऱ्याच्या बाजारपेठेत वाढलेला माणूस मी; साप पाहिला होता तो पुस्तकातच. आठवड्याच्या आत एक साप कौलातून थेट माझ्या अंथरुणावर पडला. तो निघून गेला, मी मात्र सकाळपर्यंत टेबलावर बसून होतो. सकाळी बदलीचा अर्ज लिहिला आणि टपालात टाकायला निघालो. वाटेत शेजारच्या रामटेकेभाऊंनी मशीन थांबवून चौकशी केली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, भेव अनोळखी माणसाचं वाट्टे. एक साप पाळून पाहा. महिनाभर अर्ज थांबवा."

साप पाळण्याला कायद्याची आडकाठी असते, हे तेव्हा गावात कोणाच्या कानावरही आलं नव्हतं.

मग रामटेकेभाऊ लग्नाची स्थळं आणावीत तसे साप सुचवू लागले. मांडूळ गरीब, पण दिवसभर मातीत तोंड खुपसून राहणार. "तुमी बी कमी बोलता, तो बी. घरात सुतक वाटन." दिवड तोंडाळ, उठसूट चावणार. तस्कर देखणा, पण त्याचा रुसवा नवख्याला झेपायचा नाही. शेवटी त्यांनी गवत्या ठरवला. हिरवा, दीड फुटाचा, बिनविषारी, आणि चावणं त्याच्या स्वभावातच नाही.

चार दिवसांनी बांधावरून त्यांनी तो आणला, माझ्याच शर्टाच्या उरलेल्या कापडाची पिशवी शिवून. टेबलावर ठेवून टेपनं मोजला. "सतरा इंच. पयल्यांदा एवढाच बरा." मी वाकून बघतो तर त्यानं मान उचलली आणि चक्क फणा काढल्यासारखी पसरवली. मी खुर्चीवर. रामटेकेभाऊ शांतपणे म्हणाले, "तो तुमाले भिऊन राह्यला, मास्तर. खाली उतरा, त्याले बरं वाटन."

आपल्यालाही कोणी भितं, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं. वर्गातल्या पोरांनी तसं कधी जाणवू दिलं नव्हतं.

जाळीचं झाकण असलेलं खोकं, पाण्याची वाटी, कोरडा पाला, एवढा त्याचा संसार. शाळा सुटल्यावर मी हापश्यामागे बेडकं धरत फिरायचो. हेडमास्तरांनी ते पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. रामटेकेभाऊ रोज संध्याकाळी येऊन चौकशी करत. त्यानं खाल्लं का, कात टाकायला आला का, डोळे दुधाळ दिसतात का. तसे दिसले तर हात लावायचा नाही, ही त्यांची ताकीद होती. तिसऱ्या आठवड्यात गवत्या माझ्या मनगटाला वेढा घालून निवांत पडून राहिला आणि मी एका हाताने वह्या तपासल्या. अर्ज कुठं ठेवला होता ते मग आठवेना.

धान पिवळं पडू लागलं तेव्हा भाऊ म्हणाले की आता सोडायला हवं. पावसाळ्याचा पाहुणा पुढं ठेवून घेऊ नये. आम्ही दोघांनी तो बांधावर सोडला. क्षणभर तो माझ्या चपलेजवळ थांबला, मग गवतात गवत होऊन गेला. मला वाईट वाटलं, आणि त्याचं हसूही आलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रामटेकेभाऊ माझ्या कुंपणाशी आले आणि तिथंच उभे राहिले. मी आत बोलावलं.

"येऊ काऊन? साप तर गेला ना."

"मी आहे ना, भाऊ."

ते थोडा वेळ चपला काढत राहिले. मग आत येऊन बसले. गावात आणखी तीन घरी त्यांनी साप दिले होते, तिथलेही आता बांधावर गेले होते. संध्याकाळी कोणाकडे जायचं हा प्रश्न दरवर्षी याच दिवसांत पडतो, हे त्यांनी एखादा कपडा घट्ट झाल्याचं सांगावं इतक्या साधेपणानं सांगितलं. त्यांची बायको सहा वर्षांपूर्वी गेली होती, मुलगी पोंभुर्ण्याला दिली होती.

त्या संध्याकाळी त्यांनी सापाचं नाव काढलं नाही. बायकोचं काढलं. कौसल्या. मशीनचं पायडल तीच जोरात मारायची आणि शिवण वाकडी गेली की खापर यांच्यावर फोडायची.

"लय भांडे माह्यासंगं," ते म्हणाले, आणि इतके हसले की त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला.