कासवाने विचारू नयेत असे प्रश्न

शनिवारी सकाळी कंपनीत पोचणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर एकच बातमी येत होती. कासव पकडलं गेलं होतं. लहान मुलांच्या ऑनलाइन गेममधल्या बेटावर कोणीतरी कासवाच्या रूपात हिंडत होतं, भेटेल त्या मुलाला थांबवून चौकशा करत होतं, आणि सुरक्षा यंत्रणेने आपणहून त्याचं अकाउंट बंद केलं होतं. ते कासव ज्याने रेखाटलं होतं तो चित्रकार चहाचा कप सांभाळत मीटिंगच्या खोलीत शिरला, तेव्हा सगळे त्याच्याकडेच पाहत होते.

"तुमचं कासव," कुलूपबाई म्हणाल्या, "मुलांना पत्ते विचारतंय."

कुलूपबाई म्हणजे कंपनीच्या सुरक्षाप्रमुख. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं होतं. अनोळखी माणसाने मुलांशी काय बोलू नये, याचे सगळे नियम त्यांनी बसवलेले. चित्रकाराशी त्यांचं बरेच दिवस वाजत होतं ते याच कासवावरून. बेटावर नव्याने येणाऱ्या मुलांना वाट दाखवायला एक पात्र हवं होतं. त्याने म्हातारं कासव काढलं. किंचित पोक, चष्मा कपाळावर, हात पाठीमागे बांधलेले, आणि चेहरा असा की जवळ जाऊन बसावंसं वाटावं.

"मुलं याला काहीही सांगतील हो," बाई तेव्हा म्हणाल्या होत्या.

"तेच तर हवंय!"

"तेच तर नकोय. बघताक्षणी विश्वास बसावा असं सोंग उद्या कोणीही घेऊन येईल."

साहेबांनी दोघांनाही न दुखावणारा मार्ग काढला. कासवाचं रूप आधी कर्मचाऱ्यांच्या घरातल्या एकेका माणसाला वापरायला द्यायचं, आणि काय होतं ते पाहायचं. काय झालं ते आता भिंतीवरच्या पडद्यावर होतं. बाई पंचनामा वाचावा तसं वाचू लागल्या.

"'बाळ, कोणाचा तू?' मग, 'घर कुठे तुमचं?' मग, 'घरी कोण कोण असतं?' एक मुलगी गप्प राहिली, तर तिला म्हणतो, 'लाजतेस काय, मी काही परका नाही.'"

साहेबांनी कपाळ पुसलं. "पोचलेला दिसतोय."

"पुढे ऐका. दिसेल त्याला 'जेवलास का?' म्हणजे घरात मोठं माणूस आहे की नाही, याचा अंदाज घेतोय. आणि हे बघा, 'पाठ ताठ ठेव. खोलीतून जाताना पंखा बंद करून जा.' हे कशासाठी, ते अजून उलगडलेलं नाही. सांकेतिक भाषा असू शकते."

पंख्याचं नाव निघालं आणि चित्रकाराचा कप ओठांपाशीच थांबला. हे वाक्य त्याने शाळेत असल्यापासून ऐकलं होतं. अजूनही रोज ऐकत होता.

"सांकेतिक नाही," तो कप खाली ठेवत म्हणाला. "ते आमचे आप्पा आहेत. माझे वडील."

ज्या माणसावरून कासव काढलं, त्यालाच त्याने ते वापरायला दिलं होतं. कारणही तसंच होतं. ताईची बदली झाल्यापासून आप्पांची नऊ वर्षांची नात लांब गेली होती. फोनवर ती 'हं' आणि 'बरी आहे' यापलीकडे जात नसे. बेटावरच्या धक्क्यावर मात्र, रविवारी अकरा वाजता, पोपटासारखी बोलायची. आप्पा शनिवारपासूनच चष्म्याच्या काचा पुसत बसायचे.

"नियमाप्रमाणे अकाउंट गेलं," बाई म्हणाल्या.

"पण बाई, उद्या रविवार आहे. ती वाट बघेल."

"ती नातच आहे हे कशावरून? मी नाही विचारत, नियम विचारतोय. उद्या घेऊन या त्यांना. ओळख पटली तर बघू."

आप्पांनी घरी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे टेकले.

"म्हणजे मी बदमाश?"

"तसं नाही हो आप्पा."

"नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, जेवलास का विचारायचं नाही. मग लेकराशी बोलायचं तरी काय? शेअरबाजार?"

"पण जो खरंच वाईट असेल, तोही हेच विचारणार ना? गोड बोलूनच."

 आप्पांची रीत अशी, की नियम पटेपर्यंत वाद घालायचा, आणि पटला की नियम करणाऱ्यापेक्षा कडक व्हायचं. संध्याकाळभर त्यांनी मुलाकडून उजळणी करून घेतली. नाव नाही. शाळा नाही. पत्ता नाही. कोणी आपल्याला विचारलं तरी सांगायचं नाही. शेवटी ते एवढंच म्हणाले, "ती धक्क्यावर येऊन उभी राहील रे."

रविवारी कुलूपबाई सुट्टी मोडून आल्या होत्या. आप्पांनी बसण्याआधी खात्री करून घेतली. "मोठ्या माणसाला विचारलेलं चालतं ना?"

"चालतं," बाई म्हणाल्या.

"मग घरी कोण कोण असतं?"

"आई असते," बाई बोलून गेल्या. "गुडघे धरलेत तिचे."

"जिना आहे?"

"दोन मजले."

"अरे देवा. आणि तुम्ही रविवारच्या इथे?"

बाई भानावर आल्या, खुर्ची सरसावून बसल्या आणि त्यांनी ताईच्या घरचा नंबर फिरवला. चित्रकार फोनकडे झुकला, तर त्यांनी बोट वर केलं. "तुम्ही घरचे. तुम्ही बोलायचं नाही."

पलीकडे एक बारीक आवाज आला. "कोण पाहिजे?"

"बाळ, मी तुझ्या आजोबांच्या ओळखीची बोलतेय. तुझं नाव काय?"

"अनोळखी माणसांना मी नाव सांगत नाही."

"बरोबर आहे. मग घरात मोठं कोणी आहे का?"

 "असं विचारणाऱ्याला ब्लॉक करायचं असतं," आवाज म्हणाला, आणि फोन कट झाला. बाईंनी पुन्हा लावला, लागेना. चित्रकाराने स्वतःच्या फोनवरून लावला, तर घरचा फोन बंदच केलेला. ताई दवाखान्यात ड्यूटीवर असताना तिचा मोबाइल कपाटात असतो. भावजी झोपले असतील तर त्यांना उठवणं नगारा वाजवूनही शक्य नव्हतं.

"फोन बंद करून मोठ्या माणसाची वाट बघायची," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "माझाच नियम आहे. काय सुंदर पाळला हो!" मग त्यांना आप्पांचा चेहरा दिसला. अकराला दोन मिनिटं होती. "हे बघा, मी शेजारी बसते. माझ्यासमोर बोला. पण कासव मिळणार नाही. नव्या माणसाला जे मिळतं तेच मिळेल."

"काय मिळतं?"

"कोंबडी."

धक्क्यावर एक जांभळी कोल्ही उभी होती आणि रस्त्याकडे पाहत होती. तिच्यासमोर कोंबडी येऊन थांबली.

'मी आलो,' आप्पांनी एका बोटाने टाइप केलं.

'कोण?'

आप्पांचं बोट हवेत थांबलं. "नाव सांगायचं नाही ना?" त्यांनी बाईंना विचारलं. बाईंची मान सवयीने हलली. 'ते सांगता येत नाही,' आप्पांनी लिहिलं.

कोल्ही दोन पावलं मागे गेली. 'माझे आजोबा कासव आहेत.'

'तोच मी. रूप बदललं.'

'सगळे असंच म्हणतात. मघाशी एका बाईचा फोन आला होता. ती पण आजोबांचं नाव घेत होती. तुमची टोळी आहे का?'

बाईंनी नजर छताकडे वळवली.

'खरे असाल तर माझ्या शाळेचं नाव सांगा,' कोल्हीने लिहिलं.

'शाळेचं नाव इथे बोलायचं नसतं.'

'मग माझं घरातलं नाव?'

'तेही नसतं.'

"आप्पा, सांगून टाका हो!" चित्रकार कळवळला.

"वा रे वा! आणि काल कोणी पढवलं?"

कोल्हीच्या डोक्यावर छोटा लाल झेंडा वर आला. तक्रार करण्याआधीची खूण. आणखी एक बटण, की कोंबडीही जाणार. दुसऱ्यांदा बंद झालेलं अकाउंट पुन्हा उघडायचं नाही, हाही बाईंचाच नियम.  मुलीचं काहीच चुकत नव्हतं.

आप्पांनी हात मागे घेतले. पडद्यावर भर दुपार होती. चित्रकाराने मोठ्या हौसेने रंगवलेलं पिवळंधमक ऊन धक्क्यावर पसरलं होतं. आप्पांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं.

'बरं. ओळखत नसशील तर बोलू नकोस. बरोबर करते आहेस. मी जातो. पण वाट बघायची तर त्या झाडाखाली उभी राहून बघ. किती ऊन आहे डोक्यावर.'

कोंबडी वळली आणि लगबगीने रस्त्याला लागली.

कोल्ही जागची हलली नाही. मग झेंडा खाली गेला. कोल्ही सरकत सरकत झाडाखाली जाऊन उभी राहिली.

'आजोबा,' तिने लिहिलं, 'कोंबडी का झालास?'

आप्पांना उत्तर शोधायलाही वेळ मिळाला नाही. शाळेतलं भांडण, पडलेला दात, नव्या घराची गळकी खिडकी असं भराभर उमटायला लागलं. मध्येच कोल्ही थांबली. 'आजोबा, एक गुपित आहे. तुझ्या शेजारी कोणी आहे का? आपलं कोणी वाचत नाही ना?'

आप्पांनी कुलूपबाईंकडे पाहिलं. खोटं त्यांना लिहिता येत नव्हतं, आणि खरं लिहिलं तर गुपित सांगायचंच राहिलं असतं.

कुलूपबाईंनी आपल्या पडद्यावर 'ओळख पटली' अशी नोंद केली, पडदा बंद केला आणि उठून चित्रकाराची बाही ओढली. "चला, चहा पाजा मला."

दार लागल्याचा आवाज आला. आप्पांनी मान वळवून खात्री केली आणि सावकाश लिहिलं, 'आता नाही.'