मंगळाची चतुःसीमा

आमच्या गल्लीतल्या सरवदे काकांना लग्नाची पत्रिका द्यायला गेलात, तर नवरा-नवरीची नावं ते सगळ्यात शेवटी वाचतात. आधी विचारतात, "कार्यालयाची चतुःसीमा सांगा." म्हणजे पूर्वेला कोण, पश्चिमेला काय, दक्षिणेला रस्ता का नाला, उत्तरेला कुणाचं शेत. पाहुणा चाचरत म्हणाला की बस स्टँडच्या मागं आहे, की संपलं. बस स्टँडच्या मागं अर्धं औसं हाय, असं काका म्हणतात आणि पत्रिका त्याच्याच हातात परत ठेवतात. माझ्या मेहुण्याला त्यांनी असं दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा तो कागदावर नकाशा काढून घेऊन गेला, तेव्हा काकांनी त्याला चहा पाजला आणि लग्नाला सगळ्यांच्या आधी जाऊन बसले.

धोंडीराम सरवदे हे मोजणी खात्यातले रिटायर मोजणीदार. माहूरच्या डोंगरापासून औशाच्या माळापर्यंत सगळी नोकरी उन्हात गेली. मोजणीला गेलं की बांधाच्या ह्या टोकाला एक भाऊ उभा, त्या टोकाला दुसरा, आणि दोघांच्या शिव्या मधल्या मोजणीदाराला. शेजारच्या शेतकऱ्याला त्यांच्या खात्यात लगतधारक म्हणतात. ह्या लगतधारकांनी आपलं निम्मं आयुष्य खाल्लं असं काका सांगतात, आणि ते खोटं नसावं. त्यांच्या उजव्या कोपरावर विळ्याची खूण आहे.

नोकरीच्या शेवटी त्यांना उपग्रहाचे फोटो वाचायचं ट्रेनिंग मिळालं. तिथं कुणीतरी गंमत म्हणून मंगळाचा फोटो दाखवला. मंगळाभोवती फिरणारी यानं वरून फोटो काढतात आणि ते सगळ्या जगाला फुकट बघता येतात, हे कळल्यावर काकांचं कल्याण झालं. रिटायर झाल्यावर माणसं काशीला जातात, हे मंगळावर गेले.

रोज सकाळी अंघोळ करायची, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडायचे आणि कॉम्प्युटर उघडून मंगळ मोजायला बसायचं. त्यासाठी एक लांबलचक नोंदवही केलेली. ठिकाण, प्रकार, चतुःसीमा, शेरा. मी स्वतः वाचलंय, एका जागी लिहिलं होतं: "चंद्रकोरीसारख्या वाळूच्या टेकड्या, नग अकरा. पूर्वेस दरी, बाकी तिन्ही बाजूंस पडीक. वहिवाट नाही." सुकलेल्या नदीच्या मुखाशी पसरलेल्या गाळाला शेरा होता, "जमीन चांगली. पाणी आटलेले." आणि वावटळींनी धुळीत ओढलेल्या काळ्या रेघांपुढं लिहिलं होतं, "कोणाचीही हरकत नाही."

हे शेवटचं त्यांना फार आवडायचं. माझ्या दुकानात येऊन बाकावर बसायचे आणि म्हणायचे, "चष्मेवाले, एवढी मोठी दरी हाय तिथं, आपला लातूर जिल्हा त्यात कुठं पडला ते सापडायचं न्हाई. पण एक लगतधारक न्हाई. एक बी न्हाई." आणि असे खूश व्हायचे की जणू सातबारा त्यांच्या नावावर झालाय.

मी मूळचा मुखेडचा. औशात चष्म्याचं दुकान टाकून चार वर्षं झाली. नवा होतो तेव्हा एकदा त्यांनी आणलेला मंगळाचा फोटो मी उलटा धरला. काकांनी तो असा ओढून घेतला की मला वाटलं माझा पाय लागला. फोटो असो का नकाशा असो, उत्तर दिशा वर. तो फिरवायचा नाही, ही त्यांच्या आयुष्याची शिस्त. "बघायचंच असंल तर माणसानं फिरावं," म्हणाले, "नकाशानं कामून फिरावं?"

घरातही तीच तऱ्हा. माझी बायको एकदा त्यांना शेंगापोळी द्यायला गेली आणि पदर तोंडाला लावून हसतच परत आली. भिंतींवर लाल ऑइलपेंटनं लिहिलेलं. "मोरी: पूर्वेस सहा पावले." "पाण्याचा रांजण: दाराच्या उत्तरेस चार पावले." ती म्हणाली, माणसानं मोरीची सुद्धा मोजणी केलीय. मग काय, गल्लीत कुणी भेटलं की मी विचारायचो, सरवदे काकांकडं गेलात तर मोरी कुठल्या दिशेला आहे ते आधी बघून घ्या. लोक हसायचे, मीही हसायचो. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

झालं असं की, यंदा तुरीच्या काढणीच्या दिवसांत काका दुकानात आले आणि म्हणाले, नंबर तपासा. तपासला. काही फरक नव्हता. चार दिवसांनी पुन्हा आले. पुन्हा तपासला. तिसऱ्या वेळी मी चिडलो. डोळे आहेत का हवामान आहे, रोज काय बदलणार त्यात, असं तोंडावर बोललो. एरवी त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी नुसते बाकावर बसले आणि चष्मा हातात घेऊन पुसत राहिले.

"डोळ्याचं न्हाई म्हणता?"

"नाही काका."

"मग डोक्याचंच हाय."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. मंगळावर एका ठिकाणी तीन महिन्यांपूर्वी त्यांनी खड्डा नोंदवला होता. उल्का आदळून पडतो तसा, चांगला गोल. गेल्या आठवड्यात त्याच जागेचा दुसरा फोटो उघडला, तर तिथं टेकडी. चतुःसीमा तीच, बाजूचे दगड तेच, मधे टेकडी. आठ दिवस बघत राहिले, टेकडीच. मंगळावरचा खड्डा तीन महिन्यांत वर येत नाही, म्हणजे चुकतंय ते आपलं डोकं.

"आक्काचं असंच सुरू झालं होतं," काका म्हणाले.

ही आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. मी औशात येण्याआधीच गेलेली, म्हणून मला तिची काही माहिती नव्हती. आईबाप लवकर गेले. धोंडीरामला शिकवायचं म्हणून तिनं चौथीतून शाळा सोडली आणि लोकांच्या रानात खुरपायला गेली. पुढं म्हातारपणी भावाजवळ येऊन राहिली. काकांनी लग्न केलंच नव्हतं, घरात दोघंच. एक दिवस आक्का अंगणातल्या हौदाला ओटा समजून त्यावर बसायला गेली. तिथून जे सुरू झालं, ते शेवटी भाऊ कोण हेही कळेना तिथवर गेलं.

काकांनी सगळं ठरवूनच टाकलं होतं. आक्काची मुलगी नांदेडला असते, तिला फोन केला होता. रविवारी ती गाडी घेऊन येणार, काका घराला कुलूप लावून तिच्याकडं जाणार. पुढं कुणाला ओळखेनासं व्हायच्या आत जावं म्हणून. बाकी काही विसरता का, असं मी विचारलं. न्हाई म्हणाले, बाकी सगळं ध्यानात हाय, ह्या एका खड्ड्यानं घात केला.

उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, बघू तरी तो खड्डा. त्यांनी पिशवीतून दोन्ही फोटो काढले आणि माझ्या काउंटरवर ठेवले. अर्थात उत्तर वर. म्हणजे त्यांच्या बाजूनं वर. मी समोर बसलेलो.

"ह्यो आधीचा," काका म्हणाले. "खड्डा दिसतोय?"

मी नीट पाहिलं. "टेकडी आहे की."

"टेकडी ह्या दुसऱ्यात हाय."

"नाही काका, ह्या दुसऱ्यात खड्डा आहे."

काका माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत इतकी दया मी कधी पाहिली नव्हती. हलक्या आवाजात म्हणाले, "तुमचं बी सुरू झालं व्हय? एवढ्या कमी वयात?"

खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही ते खरं वाटलं. मी पटकन उठलो, काउंटरला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेलो आणि पुन्हा पाहिलं. आता आधीच्या फोटोत खड्डा होता आणि दुसऱ्यात टेकडी. परत माझ्या बाजूला आलो, पुन्हा उलटं. आणि मग एकदम डोक्यात उजेड पडला. अहो, धंदाच आहे माझा, मला आधी कळायला हवं होतं. माणसाचा डोळा असं धरून चालतो की ऊन नेहमी वरून येतं. उजळ कड वरच्या अंगाला दिसली की तो टेकडी म्हणतो, सावली वरच्या अंगाला दिसली की खड्डा म्हणतो. दोन फोटो काढताना मंगळावर ऊन दोन वेगळ्या बाजूंनी होतं, एवढाच काय तो फरक. फोटोंखाली उन्हाची दिशा छापलेलीच होती: आधीच्यात उत्तरेकडून, दुसऱ्यात दक्षिणेकडून, म्हणजे खड्डाच खरा. कुणी दुसऱ्यानं सहज कागद फिरवून पाहिला असता. ह्या माणसानं जन्मात कधी नकाशा फिरवला नाही.

मी म्हणालो, काका, फोटो उलटा करून बघा. ते तयार होईनात. रविवारी घर सोडायची पाळी आली तरी नकाशा उलटा करायला तयार नाही, काय म्हणावं ह्या माणसाला? शेवटी मीच हात जोडले. म्हटलं, नकाशा राहू द्या, तुम्ही फिरा.

काका उठले. काउंटरला वळसा घालून माझ्या खुर्चीत येऊन बसले, चष्मा नीट केला आणि फोटोवर वाकले. बराच वेळ वाकलेलेच होते. मग उठून पुन्हा आपल्या बाजूला गेले. पुन्हा माझ्या बाजूला आले. असे सात-आठ फेरे झाले. फ्रेम घ्यायला आलेल्या एक बाई हा काय प्रकार म्हणून दारातच थांबल्या.

"सगळ्याइलाच असं दिसतं?" काकांनी विचारलं.

मी त्या बाईंना आत बोलावलं आणि दोन्ही बाजूंनी फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, अगंबाई, इकडून खड्डा आणि तिकडून टेंगूळ. काकांनी त्यांना पुन्हा एकदा बघायला लावलं.

मग ते बाकावर बसले आणि रडले. मोठ्यानं नाही, पण लपवलंही नाही. नंतर त्यांनी पिशवीतून नोंदवही काढली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "खड्डाच आहे. फिरून खात्री केली. पंच: चष्मेवाले." खाली माझी सही घेतली. भाचीला फोन करून म्हणाले, "गाडी नगं आणू. एस्टीनं ये, जेवायलाच ये."

मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो, आणि पहिल्यांदाच आतल्या खोलीपर्यंत गेलो. भिंतींवर लाल ऑइलपेंटनं लिहिलेलं होतंच. पण त्याच्या बाजूला पांढऱ्या खडूनं नवं लिहिलेलं होतं, आठ दिवसांतलं. "गॅस बंद केला का." "भाचीचे नाव सुनंदा." "तुझे नाव धोंडीराम." तेव्हा मला कळलं की लाल अक्षरं कुणासाठी होती. आक्काचं सगळं गेलं, पण चौथीतलं वाचन शेवटपर्यंत राहिलं होतं, म्हणून भावानं सगळं घर पावलांनी मोजून तिला लिहून दिलं होतं. मी मात्र मोरीवरून गल्लीला हसवत होतो.

काकांनी फडकं ओलं केलं आणि खडूची अक्षरं पुसायला घेतली. मीही एक फडकं घेतलं. पुसत पुसत मी कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेपाशी आलो. तिथं उशाला, झोपलेल्या माणसाला दिसेल अशा बेतानं, लाल अक्षरांत लिहिलं होतं: "आक्का, भिऊ नको. मी बाहेरच्या खोलीत आहे. दक्षिणेस तीन पावले."

बाहेरच्या खोलीत काकांचं अंथरूण अजून त्याच जागी होतं, तीन पावलांवर. त्यांनी माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"ते असू द्या," म्हणाले. "ते बरोबर मोजलेलं हाय."