सात गुरुवारांचा मार्गशीर्ष

अच्युतराव पिंपळापुऱ्यांनी तांब्याचा कलश चिंचेने घासला, खिडकीच्या उजेडात धरून चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि पास केला. सहा नोव्हेंबरचा गुरुवार होता, सकाळचे साडेसहा वाजले होते आणि भोपाळच्या अवधपुरीतल्या त्या घरात ते एकटेच होते. त्यांची बायको सुचेता मुलीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेली होती. निघताना स्टेशनवर, गाडी सुटता सुटता तिने सांगितलं होतं, "मी डिसेंबरात येईन. मधे मार्गशीर्ष येईल. सत्तावीस वर्षांत महालक्ष्मीचा एक गुरुवार चुकला नाही माझा. यंदा तुम्ही मांडा. नीट विचारून करा कुणाला तरी."

शेवटचं वाक्य अच्युतरावांनी ऐकलं नव्हतं, असं नाही. पण कारखान्याच्या तपासणी विभागात ज्याची तीस वर्षं गेली, ज्याच्या सहीशिवाय एक नटबोल्ट फाटकाबाहेर पडत नाही, तो माणूस विचारत नसतो. तो तपासतो.

त्याप्रमाणे त्यांनी तपासलं होतं. स्वयंपाकघरातलं नेहमीचं मराठी कॅलेंडर सुचेता सोबत घेऊन गेली होती, कारण डॉक्टरांच्या तारखा तिने त्यावरच लिहिल्या होत्या. पण हॉलमध्ये रंगाच्या दुकानाने दिलेलं कॅलेंडर होतंच. त्यात सहा नोव्हेंबरच्या चौकोनात लाल अक्षरांत छापलं होतं, 'मार्गशीर्ष (अगहन) प्रारंभ'. एका पुराव्यावर अच्युतराव कधी सही करत नसत. दूध घ्यायला दार उघडलं, तर समोरच्या साहूभाभी उंबऱ्यावर तांदळाच्या पिठाने लक्ष्मीची पावलं काढत बसलेल्या. साहूभाभी मूळच्या दुर्गच्या.

"भाईसाहब, आज अगहन का पहला गुरुवार है ना," त्या म्हणाल्या. "हमारे छत्तीसगढ़ में बहुत मानते हैं."

दोन स्वतंत्र साक्षी मिळाल्या. अच्युतरावांनी मनातल्या मनात शिक्का मारला.

पूजा त्यांनी पोथीत दिलेल्या क्रमाने मांडली. चौरंग, त्यावर तांदूळ, त्यावर कलश, कलशात सुपारी-नाणं-दूर्वा, पाच झाडांची पानं, नारळ. पानं एकमेकांपासून सारख्या अंतरावर असावीत, असं पोथीत नव्हतं. ते त्यांनी पट्टी लावून स्वतःहून केलं. संध्याकाळी खणखणीत आवाजात कथा वाचली. ऐकायला कुणी नव्हतं, तरी मधे दोनदा थांबून समोर पाहिलं. दुसऱ्या दिवशी कलशातलं पाणी तुळशीला घातलं. सुचेताला मात्र त्यांनी यातलं काहीच कळवलं नाही. काम पुरं झाल्याशिवाय रिपोर्ट द्यायचा नाही, ही त्यांची जुनी शिस्त. शेवटच्या गुरुवारी उद्यापन करून सगळे फोटो एकदम पाठवायचे, असं ठरलं होतं.

अवघड गोष्ट एकच होती. पिंपळापुऱ्यांच्या घरात एरवी दर गुरुवारी आणि मार्गशीर्षभर रोज मांसाहार बंद असे, आणि अच्युतराव तर नागपूरच्या वळणाचं सावजी मटण स्वतः रांधणारे. विभागात त्या मटणाची ख्याती होती. कँटीनमध्ये त्यांनी उकडलेलं अंडं बाजूला सारलं, तेव्हा हाताखालचा इंजिनीअर जितेंद्र तिवारी हळहळला.

"सर, कब तक चलेगा ये?"

"चार दिसंबर को खतम. सात को रविवार है. पूरा सेक्शन मेरे घर. मटन मैं बनाऊँगा."

जितेंद्रने आठ जणांची यादी त्याच दुपारी तयार केली.

तेरा तारीख झाली, वीस झाली. सव्वीसला रात्रीच्या जेवणाआधी सुचेताचा फोन आला. मागे बाळ रडत होतं.

"अहो, उद्या गुरुवार आहे. लक्षात आहे ना? जमेल ना सगळं?"

तीन गुरुवार बिनचूक झालेल्या माणसाला हा प्रश्न जरा लागला. "जमेल म्हणजे काय? तू काळजीच करू नकोस," ते म्हणाले.

"बरं बाई," असं म्हणून तिने फोन ठेवला. तिला नवरा एवढा तयारीत असल्याचं नवल वाटलं, पण बाळाची शी काढायची होती.

चार डिसेंबरला अच्युतरावांनी उद्यापनाचा घाट घातला. कॉलनीतल्या चार मराठी बायकांना 'सायंकाळी सहा वाजता हळदीकुंकवास यावे' असा निरोप पाठवला आणि पाचव्या सवाष्ण म्हणून साहूभाभींना बोलावलं. कुंकू लावायचं कामही त्यांच्याकडेच दिलं. केशरी भात केला. पाच पोथ्या, पाच फळं, पाच गजरे ताटात ओळीने लावले. सहाला पाच कमी असताना सगळ्यांत आधी लीलावतीकाकू आल्या. त्या कॉलनीतल्या सगळ्यांत जुन्या. चाळीस वर्षांपूर्वी त्या आल्या, तेव्हा इथे शेतं होती म्हणे. मागोमाग अलका आणि बाकीच्या दोघी आल्या.

लीलावतीकाकूंनी चौरंगाकडे पाहिलं आणि मान डोलावली. "छान मांडलंयस रे अच्युत. दर गुरुवारी हळदीकुंकू करतोयस होय? आम्हाला मागच्या वेळी नाही बोलावलंस ते."

"नाही काकू, आज उद्यापन."

"कसलं?"

"गुरुवारांचं. आज पाचवा. शेवटचा."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. अलका बेताने म्हणाली, "भाऊजी, आज दुसरा आहे."

"पाचवा," अच्युतराव शांतपणे म्हणाले आणि हॉलमधलं कॅलेंडर खिळ्यावरून काढून घेऊन आले. "हे बघा. सहा नोव्हेंबर. मार्गशीर्ष प्रारंभ. छापील आहे."

काकूंनी चष्मा लावून ते वाचलं, आणि मग रंगाच्या दुकानाचं नावही वाचलं. "अरे, हे इकडच्या हिंदी लोकांचं कॅलेंडर. यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. यांचा मार्गशीर्ष आपल्याआधी पंधरा दिवस लागतो. एवढी वर्षं भोपाळात काढलीस, आणि हे तुला ठाऊक नाही?"

"हमारा तो आज समाप्त है," साहूभाभींनी सांगितलं. काय चाललंय ते त्यांना साधारण कळलं होतं.

"त्यांचं बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "आणि आमचंही बरोबर आहे. चुकलायस तो तू एकटा. सुचेताचा मार्गशीर्ष मराठी, आणि तू तो हिंदीत केलास. तुझे पहिले तीन गुरुवार आपल्या कार्तिकात पडले. कार्तिकात कुणी महालक्ष्मी मांडतं का?"

एका वेळी तीन नग रद्द होण्याचा प्रसंग अच्युतरावांवर तीस वर्षांत आला नव्हता. "म्हणजे मागचा आणि आजचा धरायचा?"

"धर. आता अकरा आणि अठरा. उद्यापन अठराला. आज नुसतं हळदीकुंकू झालं असं समज. केशरी भात मात्र आण, मला वास येतोय."

बायका पानावर बसल्या. अच्युतराव एकाच पानात दोनदा भात वाढून गेले, तेव्हा अलकाने विचारलं, "काही अडचण आहे का भाऊजी?"

"रविवारी आठ माणसं येणार आहेत," ते म्हणाले. "मटण खायला."

काकूंनी घास खाली ठेवला. "ते तर आता विचारूसुद्धा नकोस."

शुक्रवारी त्यांनी जितेंद्रला केबिनमध्ये बोलावलं आणि जेवण एकवीस तारखेच्या रविवारवर ढकलल्याचं सांगितलं. कारण तांत्रिक होतं, असंही सांगितलं.

"लेकिन सर, अगहन तो कल खतम हो गया. मैंने माँ से पूछा था."

"आपका हो गया," अच्युतराव फायलीत पाहत म्हणाले. "मेरा अभी चल रहा है."

तिवारीने बाहेर जाऊन ही बातमी दिली. सर महिनाभर म्हणून बसले आणि आता दीड महिना करताहेत, यावरून विभागात त्यांच्या भक्तीबद्दल आदर पसरला. दोघा जणांनी लोकरीच्या टोपीसकट त्यांना वाकून नमस्कार केला. अच्युतरावांनी तोही नाकारला नाही.

अकरा तारखेला बोलावणं नसताना लीलावतीकाकू आल्या. त्यांना हल्ली बारीक अक्षर दिसत नसे, सुनेला ऑफिसातून यायला उशीर व्हायचा, आणि अच्युतचं वाचन स्पष्ट असतं, असं त्यांनी येताच सांगून टाकलं. सोबत अलका होती. पहिल्यांदाच समोर माणसं बसली होती. अच्युतरावांनी कथा इतक्या रंगून वाचली, की राणीचं वैभव गेलं तिथे काकूंनी पदर डोळ्यांना लावला. निघताना त्या म्हणाल्या, "पुढच्या गुरुवारी मी आणखी दोघींना आणते." त्या रात्री रिकाम्या घरात ताट-वाट्या विसळताना अच्युतराव शीळ घालत होते.

अठराच्या सकाळी सुचेता राणी कमलापती स्टेशनवर उतरली. ऑटोत बसल्यावर अच्युतरावांनी घसा साफ करून सांगायला सुरुवात केली, तशी ती म्हणाली, "राहू दे. चार तारखेलाच काकूंचा फोन आला होता. आणि अलकाचा. आणि साहूभाभींचा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुठे बोललात?"

 ती बाहेर तोंड वळवून हसत होती, हे ऑटोच्या आरशात दिसत होतं.

संध्याकाळी नऊ बायका जमल्या. सुचेताने पदर खोचून कलशात पानं लावली. अच्युतराव मागून आले आणि त्यांनी एक पान बोटभर उजवीकडे सरकवलं. तिने वळून पाहिलं. "अगं, तू प्रवासातून आलीयस, बस निवांत," लीलावतीकाकू म्हणाल्या. "अच्युतला सगळं येतं." मग सवाष्णींच्या ओळीत सुचेताला बसवण्यात आलं, साहूभाभींनी तिला तिच्याच घरात कुंकू लावलं, आणि अच्युतरावांनी पोथी उघडली. कथा संपेपर्यंत कुणी हललं नाही. सुचेतानेही हात जोडून ऐकली. सत्तावीस वर्षं ती स्वतःच वाचत आल्यामुळे तिने ती कधी ऐकलेलीच नव्हती.

बायका गेल्या, तोच जितेंद्रचा फोन आला. रविवारचं नक्की करायला असेल म्हणून अच्युतरावांनी कागद आणि पेन ओढून घेतलं, मसाल्याची यादी अर्धी झालीच होती. पण पलीकडचा आवाज पडलेला होता.

"सर, इतवार का नहीं हो पाएगा. खरमास लग गया है, सूरज धनु में आ गया. माँ ने घर में सबका नॉनवेज बंद कर दिया. मिश्रा और दुबे के यहाँ भी वही है."

"कब तक?"

"चौदह जनवरी, सर. संक्रांति तक."

अच्युतराव डगमगले नाहीत. "ठीक है. पंद्रह को आ जाओ सब लोग. फायनल," असं सांगून त्यांनी फोन ठेवला आणि कागदावर तारीख लिहून तिच्याभोवती चौकोन काढला.

सुचेता नाशिकहून परत आणलेलं मराठी कॅलेंडर स्वयंपाकघरात खिळ्याला लावत होती. त्याच्या शेवटच्या पानावर पुढच्या वर्षाच्या तारखा बारीक अक्षरांत छापलेल्या होत्या. तिने त्यावर बोट फिरवलं.

"पंधरा जानेवारीला गुरुवार आहे," ती म्हणाली.

अच्युतरावांनी त्या चौकोनावर काट मारली. मग त्यांनी पेन बायकोच्या हातात दिलं आणि विचारलं, "मग केव्हा बोलावू?"